जर्मनीत गाडी : सराईत चालकाची पुन्हा परीक्षा कशासाठी?

चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या मोटार उद्योगामुळे पुण्याहून जर्मनीला जाणारी वाट आता चांगलीच मळलेली आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांच्या आणि इकडे राहिलेल्या त्यांच्या आईवडिलांच्या पत्रांत घर आणि शाळा यांच्या खालोखाल प्रश्न असतात ते गाडीचे. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा गेली बारा वर्षं पुण्यात गाडी चालवतो. घाट, एक्स्प्रेसवे, लक्ष्मी रोडची गर्दी, सगळं त्याच्या हातचं आहे. आता बदलीवर श्टुटगार्टला गेला आहे, तर म्हणे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्यायच्या. भारतीय परवान्यावर इतका अविश्वास का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आधी नियम पाहू. तिथं राहायला गेल्यापासून सहा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. सोबत परवान्याचं अधिकृत भाषांतर किंवा आपल्या आरटीओनं दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा. इथं बरेच जण गफलत करतात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते, म्हणून वर्षभर चालेल असं धरून चालतात. तसं नाही. रहिवाशासाठी मुदत सहाच महिन्यांची. सातव्या महिन्यात गाडी चालवली, तर तो विनापरवाना वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो, आणि त्या काळात अपघात झाला तर विम्याचाही पेच उभा राहतो.

ज्या देशांची परीक्षा जर्मनी ग्राह्य धरते त्यांची एक यादी आहे. भारत तिच्यात नाही, म्हणून दोन्ही परीक्षा. मात्र नवशिक्याला सक्तीचे असलेले तास तुमच्या मुलाला सक्तीचे नाहीत. परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत आणि प्रशिक्षक शेजारी असतानाच होते, त्यामुळे थोडे तास घ्यावे लागतातच, आणि ते घेतलेले बरे. डोळ्यांची तपासणी लागते. प्रत्येकी ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा प्रथमोपचार वर्गही लागतो. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. रस्त्यावरच्या परीक्षेत सूचना जर्मनमध्ये मिळतात, तेव्हा डावीकडे, उजवीकडे, सरळ, गाडी लावा, एवढं जर्मन कानाला सरावलेलं हवं.

आता 'का' याचं उत्तर. तुमच्या मुलाच्या हाताबद्दल परीक्षकाला शंका नाही. घाटात ट्रकच्या मागे हाफ क्लचवर गाडी धरणाऱ्याला स्टिअरिंग शिकवायची गरज नसते. परीक्षक पाहतो ते वेगळंच. आपल्याकडे चौकात आधी कोण जाणार हे तिथल्या तिथे ठरतं. नजरानजर होते, हॉर्न वाजतो, एकजण बॉनेट थोडं पुढे सरकवतो आणि दुसरा थांबतो. जर्मनीत ते कायद्यानं आधीच ठरलेलं असतं आणि समोरचा त्यावर पूर्ण विसंबून येत असतो. ज्याचा हक्क आहे तो वेग कमी करणार नाही, कारण तुम्ही थांबणार हे त्यानं गृहीत धरलेलं आहे. तुम्ही थांबला नाहीत, तर सावरायला वेळ उरत नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हा हिशेब नव्यानं अंगी बाणवावा लागतो. माझ्या मते पुन्हा परीक्षा घेण्याचं हे कारण रास्त आहे.

प्रश्न : मग रस्त्यावर नेमकं वेगळं काय? गाडी उजव्या बाजूनं चालवायची, एवढंच ना? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : बाजू बदलण्याची सवय आठवड्याभरात होते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना पुढे एकही गाडी नसली की हात आपसूक डावीकडे वळतात. त्या जागी मनाला बजावा, तेवढं पुरतं.

खरी सवय लावायची ती 'उजवीकडचा आधी' या नियमाची. ज्या चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तिथं तुमच्या उजवीकडून येणारा आधी जाणार. तुमचा रस्ता रुंद आणि त्याची गल्ली अरुंद असली तरीही. ताशी ३० किलोमीटरच्या वस्त्यांमध्ये अशा गल्ल्या ओळीनं लागतात आणि प्रत्येक तोंडाशी पाय ब्रेकवर न्यावा लागतो. याउलट पांढऱ्या कडेची पिवळी चौकट टोकावर उभी केलेली पाटी दिसली की तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. तिथं प्रत्येक गल्लीपाशी बिचकून थांबलात तर मागच्याला धोका. त्याच पाटीवर काळे तिरके पट्टे दिसले की तुमचं प्राधान्य संपलं.

उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे पाहायचं. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क तुमच्या आधीचा, आणि तो आरशात दिसेलच असं नाही. सायकल ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. थांब्यावर उभ्या बसचे चारही इंडिकेटर लुकलुकत असतील तर माणसाच्या चालीनं पुढे जायचं. समोरून येणाऱ्यालाही तोच नियम, कारण उतरलेलं मूल बसपुढून रस्ता ओलांडण्याची शक्यता असते. हॉर्न फक्त धोका असेल तेव्हा, किंवा शहराबाहेर ओव्हरटेकची सूचना देण्यासाठी. पुढच्याला घाई करायला लावण्यासाठी हॉर्न वाजवणं नियमबाह्य आहे.

ऑटोबानवर जिथं मर्यादेची पाटी नाही, तिथं ताशी १३० किलोमीटर हा १९७८ पासून सुचवलेला वेग आहे. तो सक्तीचा नाही, पण त्याहून वेगात असताना अपघात झाला तर जबाबदारीचा वाटा तुमच्याकडे येऊ शकतो. ओव्हरटेक डावीकडूनच करायचा आणि झाला की उजवीकडे परत यायचं. डावी लेन अडवून बसणं जितकं वाईट, तितकंच उजवीकडून घुसणं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाठ हवी. ऑटोबानवर गाड्या थबकू लागल्या की सर्वांत डाव्या लेनमधल्यांनी आणखी डावीकडे सरकायचं आणि बाकीच्या सगळ्या लेनमधल्यांनी उजवीकडे. मध्ये अँब्युलन्ससाठी वाट उघडी राहते. सायरन ऐकू आल्यावर सरकू, असं चालत नाही. गाड्या पायी चालीवर आल्या तेव्हाच सरकायचं, कारण ठप्प झालेल्या रांगेत नंतर हलायला जागाच नसते. वाट न सोडणाऱ्याला किमान २०० युरो दंड, दोन पॉइंट आणि महिनाभर वाहन चालवायला बंदी. आठ पॉइंट झाले की परवाना जातो.

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरचे, आता लाइपझिगला राहतो. ऑक्टोबर आला की शेजारीपाजारी टायर बदलू लागतात. आमचे टायर नवेकोरे आहेत, तरी बदलायचे का? (एक वाचक)

उत्तर : बदलायचे. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि रस्त्याला धरत नाही. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली फरक जाणवू लागतो, हा तिथला ढोबळ आडाखा. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या बारीक चिरा बर्फात रुततात. कायद्यात तारीख दिलेली नाही, परिस्थिती दिलेली आहे. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा हिमकण असतील तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. नाहीतर ६० युरो दंड आणि एक पॉइंट. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशेब ठेवतात आणि तो सोयीचा आहे. बारमाही टायर घेतले तरी चालतात, पण टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती 'एम प्लस एस' ही जुनी खूण पुरत नाही.

खाचांची खोली घरच्या घरी पाहता येते. एक युरोचं नाणं खाचेत उभं धरा. त्याची बाहेरची सोनेरी कड तीन मिलिमीटरची असते. ती कड दिसत असेल तर टायर बदलायची वेळ आली. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, पण हिवाळ्यासाठी चार मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या.

नागपूरच्या उन्हात आपण रेडिएटर आणि एसी सांभाळतो. तिथं बॅटरी, कूलंट आणि काच सांभाळायची. कूलंटमध्ये न गोठण्याचं द्रव्य पुरेसं आहे ना, हे ऑक्टोबरातच तपासून घ्या. वायपरच्या टाकीत साधं पाणी घातलं तर ते नळीतच गोठतं, म्हणून तिथंही हिवाळी द्रव घाला. सकाळी सगळ्या काचा, आरसे, दिवे आणि टपावरचा बर्फ पूर्ण खरवडून काढायचा. डोळ्यांपुरती खिडकी करून निघणाऱ्याला दंड होतो, आणि टपावरून घसरलेला बर्फ मागच्याच्या काचेवर आदळतो. काच वितळावी म्हणून गाडी जागेवर चालू ठेवणंही नियमात बसत नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या तळाला गंज चढवतं, तेव्हा हिवाळ्यात तळ धुऊन घ्या. ते मात्र धुण्याच्या केंद्रावरच. रविवारी सकाळी दारात बादली घेऊन गाडी धुण्याची आपली पद्धत तिथं बहुतेक गावांत चालत नाही. तेल आणि साबण जमिनीत मुरू नयेत, हे त्यामागचं कारण.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. पासिंग, पीयूसी, विमा यांचं तिथं कसं असतं? (एक वाचक, नाशिकहून बर्लिनला जाण्याच्या तयारीत)

उत्तर : गाडी पाहायला गेलात की आधी मागची नंबर प्लेट पाहा. तिच्यावर आकडे गोलात मांडलेला एक रंगीत गोल स्टिकर असतो. मधला आकडा वर्षाचा आणि सर्वांत वर आलेला आकडा महिन्याचा. तेव्हा तपासणीची मुदत संपते. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, चाकं, सांगाडा, धूर, सगळं तपासलं जातं आणि दोष निघाला तर दुरुस्त करून पुन्हा दाखवावं लागतं. नुकतीच तपासणी झालेली गाडी घ्या आणि तिचा अहवाल मागा. सर्व्हिसिंगच्या नोंदींची वहीही मागा.

कागद दोन असतात. पहिला भाग गाडी चालवताना जवळ ठेवायचा. दुसरा भाग घरी जपायचा, गाडीत कधीही ठेवायचा नाही. गाडी विकताना तोच हातात द्यावा लागतो.

विम्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय नोंदणीच होत नाही. आपल्या थर्ड पार्टीसारखा दायित्व विमा सक्तीचा आहे. त्याच्या वरच्या मधल्या प्रकारात चोरी, वादळ, काच आणि रानटी जनावरांशी टक्कर यांची भरपाई असते. त्यात मार्टेन नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यानं केलेलं नुकसानही आहे का, हे आवर्जून विचारा. हा प्राणी रात्री बॉनेटखाली शिरून वायरी आणि रबरी नळ्या कुरतडतो. स्वतःच्या चुकीनं झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान फक्त सर्वांत वरच्या प्रकारात मिळतं. विनाअपघात वर्षांनुसार हप्ता उतरत जातो. भारतातला नो क्लेम बोनस धरतात का, हे विचारून पाहा, पण त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका. बहुतेक पॉलिसी वर्षअखेरीस संपतात, त्यामुळे कंपनी बदलायची तर ३० नोव्हेंबरच्या आत कळवा.

प्रश्न : दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला माझ्याकडून ओरखडा गेला. मालक दिसेना, म्हणून नाव आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी वायपरखाली ठेवली आणि घरी आलो. सहकारी म्हणाला, हे चुकलं. खरं का? (एक वाचक, फ्रँकफर्ट)

उत्तर : खरं आहे. तुमचा हेतू प्रामाणिक होता, पण चिठ्ठी कायद्याला पुरत नाही. वाऱ्यानं उडाली, पावसानं भिजली, तर तुम्ही पळून गेलात असंच दिसणार, आणि अपघातानंतर निघून जाणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. मालकाची वाजवी वेळ वाट पाहायची, तो आला नाही तर पोलिसांना कळवायचं. पोलिसांचा तातडीचा क्रमांक ११०, अँब्युलन्स आणि अग्निशमनाचा ११२. तुम्ही अजून कळवलं नसेल तर हे वाचून झाल्याबरोबर कळवा.

गाडीत धोक्याचा त्रिकोण, चमकणारं जॅकेट आणि प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे. पेटी डिक्कीच्या तळाशी बॅगांखाली ठेवू नका. जखमीला शक्य असूनही मदत न करणं हाही तिथं गुन्हा आहे, आणि परवान्याआधी तो प्रथमोपचार वर्ग का लावतात याचं उत्तर यातच आहे. गाडीचा परवाना घेणारा माणूस रस्त्यावरच्या इतरांची जबाबदारी घेतो, अशी त्या कायद्याची धारणा आहे. परीक्षेचा त्रास वाटतो त्या प्रत्येकानं ही धारणा एकदा शांतपणे तपासून पाहावी.

जाण्याच्या तयारीत असलेल्या सर्वांना शेवटची विनंती. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. मूळ परवान्याच्या साक्षांकित प्रती काढून एक प्रत घरी ठेवा, कारण जर्मन परवाना देताना मूळ भारतीय परवाना सहसा जमा करून घेतात. आणि सहा महिने खूप आहेत असं समजू नका. अर्ज, वर्ग, दोन परीक्षा आणि त्यांच्या तारखा यांत ते भुर्रकन जातात. पत्त्याची नोंदणी झाली की पहिल्याच महिन्यात परवान्याचा अर्ज करा.