नियम एकत्र झाले, फायली तेवढ्याच!

प्रश्न : माझा भाचा तळोज्याला मासळी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात ‘क्वालिटी’त आहे. ऑडिटर येणार म्हटलं की आठ दिवस त्याचा मुक्काम फायलींमध्ये. परवा घरी आला होता. धरणावर कणीस खाताना म्हणाला, “पाकिटावर निळ्या माशाचा शिक्का असतो ना मामा, त्याचे नियम पूर्वी दहा ठिकाणी विखुरलेले होते. ते एकत्र करून सोपे केलेत.” मग त्याच्या फायली कमी का झाल्या नाहीत? आणि आमच्या धरणातल्या माशाला असा शिक्का मिळेल का?
— एक वाचक, खडकवासला

उत्तर : भाचा खरं तेच बोलला. फक्त जे एकत्र झालं ते ऑडिटरच्या पिशवीतलं, भाच्याच्या कपाटातलं नव्हे.

निळा शिक्का मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचा, म्हणजे एमएससीचा. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आणि युनिलिव्हर यांनी मिळून १९९७ साली ही संस्था काढली. तिचं मुख्यालय लंडनला आहे. संस्था स्वतः कुणाची तपासणी करत नाही, ती नियम लिहिते. तपासतात स्वतंत्र ऑडिट कंपन्या, आणि त्या कंपन्या नीट तपासतात की नाही हे पाहायला जर्मनीतली आणखी एक संस्था. पेपर काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि मॉडरेटर वेगळा, ही रीत आपल्याला बोर्डाच्या परीक्षेमुळे नवी नाही.

तत्त्वं तीनच. माशांचा साठा टिकला पाहिजे, बाकीच्या समुद्री जीवांची हानी कमीत कमी झाली पाहिजे आणि मासेमारीचा कारभार धड असला पाहिजे. पण हे मोजायचं कसं? सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक तपासणी पथक त्या त्या मासेमारीपुरते निकष स्वतःच लिहीत असे. दर शाळेचा पेपर वेगळा आणि प्रमाणपत्र मात्र एकच! २००८ मध्ये सगळ्यांसाठी ३१ निकषांचा एकच तक्ता आला. पुढे २०१४ च्या आवृत्तीत ते २८ झाले. प्रत्येक निकषात किमान ६० गुण हवेत आणि प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान ८०. एकाही निकषात ६० च्या खाली गेलात तर नापास. ६० ते ८० च्या मधे अडकलात तर पास, पण ठरलेल्या मुदतीत सुधारणा करून दाखवायच्या अटीवर.

तक्ता एक झाला, कागद मात्र एक नव्हता. मासेमारी तपासायची कार्यपद्धती एका दस्तऐवजात, गुण कसे द्यायचे ते दुसऱ्यात, बोटीपासून दुकानापर्यंतच्या साखळीचं तिसऱ्यात. शिवाय तांत्रिक सल्लागार मंडळाचे क्रमांकवार निर्देश होतेच: अमुक कलमाचा अर्थ असा घ्यावा, तमुक ठिकाणी अपवाद समजावा. ज्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं असेल. मूळ शासन निर्णय, त्यावर परिपत्रक, परिपत्रकाचं शुद्धिपत्रक, आणि नव्या निर्णयाच्या डोक्यावर ‘संदर्भ’ म्हणून सात-आठ जुन्या कागदांची माळ. त्यातलं काय अधिक्रमित झालं आणि काय अजून जिवंत आहे, हे ज्या एका बड्या बाबूला माहीत, तो निवृत्त झाला की कचेरी पोरकी! ऑडिटमध्ये याचा परिणाम असा की एका ऑडिटरला निर्देश ठाऊक असतो, दुसऱ्याला नसतो आणि तोच मासा दोन निकाल घेऊन बाहेर पडतो.

२०११ साली हे सगळं वितळवून एमएससीने प्रमाणन आवश्यकतांचा एकच संच केला. माझ्या मते या कामात कागद एकत्र शिवणं ही सोपी बाजू. अवघड होतं ते एकेक वाक्य हातात घेऊन, हा हुकूम की सल्ला, हे ठरवणं.

आपल्या मराठीत ही अडचण पटकन कळते. ‘अर्जदाराने नोंदवही ठेवावी.’ हा हुकूम की सल्ला? ‘ठेवावी’ दोन्हीकडे चालतं, म्हणूनच आपल्या सरकारी मराठीला जिथे खरंच धाक हवा असतो तिथे ‘बंधनकारक राहील’ अशी शेपटी जोडावी लागते. एमएससीच्या इंग्रजीत बंधनासाठी एक क्रियापद आणि शिफारशीसाठी दुसरं, असा दंडक आहे. बंधनकारक कलमं एका बाजूला, मार्गदर्शन दुसऱ्या बाजूला. ज्या कलमाला मार्गदर्शन जोडलेलं असेल त्याच्यापुढे छोटा काळा चौकोन असतो. मार्गदर्शन वाचून ऑडिटरने शहाणं व्हायचं. त्याच्या आधारे कुणाला नापास करायचं नाही. पूर्वी सल्ल्याचं वाक्य चुकून हुकूम म्हणून वाचलं जाई तेव्हा भुर्दंड कुणाला? तपासणीचे पैसे मासेमारीवालेच भरतात, त्यामुळे ऑडिटरचा प्रत्येक जादा दिवस त्यांच्याच खिशातून जातो.

याची पुढची गोष्ट मला जास्त आवडते. एकत्र केलेला ग्रंथ जाडजूड झाला, आणि मग काही वर्षांत तो पुन्हा वेगळा केला गेला. मासेमारीचं मानक वेगळं, तपासणीची पद्धत वेगळी. साखळीच्या नियमांचेही २०१५ मध्ये तीन अवतार झाले: एक सर्वसाधारण, एक अनेक शाखांच्या गटासाठी आणि एक थेट गिऱ्हाइकाशी व्यवहार करणाऱ्या हॉटेल-दुकानांसाठी. मासे तळणाऱ्याला साठ्याचं गणित वाचायला लावण्यात काय हशील? मत्स्यशेतीतल्या माशांना शिक्का देणाऱ्या एएससीने मात्र उलटी वाट धरली. कोळंबी, तिलापिया, सामन अशी वेगवेगळी मानकं होती, ती २०२५ मध्ये एका मानकात आणली.

आता भाच्याच्या फायली. त्याचा कारखाना साखळीत मोडतो. तिथले प्रश्न पाचच: माल शिक्कावाल्याकडूनच घेतला का, तो ओळखू येतो का, बाकीच्या मालात मिसळला नाही ना, मागे शोध लागतो का, आणि हे सगळं पाहणारी व्यवस्था आहे का. ऑडिटर गोदामातलं एक पाकीट उचलतो आणि म्हणतो, याची खरेदी दाखवा. मग लॉट नंबर, बिल, वजनाची चिठ्ठी. १०० किलो माकूल आत गेली आणि साफ करून शिक्क्यासह १२० किलो बाहेर पडली, तर समुद्रात नसलेली माकूल कपाटात पैदा झाली असं होईल. हे पुरावे नियम सोपे केल्याने कमी होत नाहीत. भाच्याला एवढंच विचारा, भिंतीवर चिकटवलेला नियमांचा कागद कोणत्या आवृत्तीचा आहे. जुनी आवृत्ती भिंतीवर राहिल्याने ऑडिटमध्ये शेरा बसतो, आणि तो टाळायला फक्त नखाने टेप खरवडावी लागते.

आपल्या देशात हा शिक्का पहिल्यांदा मिळाला तो पापलेटला नाही, सुरमईलाही नाही. २०१४ साली तो केरळातल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतल्या शिंपल्यांना मिळाला, आपल्या तिसऱ्यांच्या गोतावळ्यातल्या. व्हिएतनाम, थायलंड, मलेशियातून मागणी वाढली, भरमसाट उपसा झाला आणि १९९३ पर्यंत उत्पादन निम्म्यावर आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, शिंपल्यांच्या विणीच्या काळात, बंदी आली. जाळ्याच्या आसाचं बंधन आलं. निर्यातीला किलोत १४०० हून जास्त शिंपल्या बसतील एवढा बारीक माल नको, असं ठरलं. उत्पादन सावरलं आणि पुढे काही वर्षं ते वर्षाला १०,००० टनांच्या आसपास टिकलं. खाडीत उतरणाऱ्या माणसाला पाळायचे नियम हे एवढेच, एका पोस्टकार्डावर मावतील असे. ऑडिटरची शेकडो पानं ते पाळले जातात का हे विचारण्यासाठी.

राहिलं तुमचं धरण. गोड्या पाण्याला मज्जाव नाही. स्वीडनमधल्या येल्मारेन तलावातल्या माशांना २००६ मध्येच शिक्का मिळाला. आपल्या जलाशयांत मात्र रोहू, कटला, मृगळ यांचं बीज बाहेरून आणून सोडतात, आणि अशा सोडलेल्या माशांसाठी वेगळी कलमं लागू होतात. कागदावर दार उघडं असलं तरी खर्च कोण करणार? शिक्का लांबच्या गिऱ्हाइकासाठी असतो, ज्याला मासा कुणी, कुठे, कसा धरला हे विचारायची सोय नाही. तुम्हाला खडकवासल्यात ती आहे.

समुद्राची मासळी घेताना मात्र तुमच्या कामाचा एक नियम आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. डाव्या रकान्यात माशाचं नाव, उजव्या रकान्यात मिलिमीटर. बाजारात बोटभर पापलेटांचा वाटा स्वस्तात मिळाला, तर तो उजवा रकाना आठवा.