वारीची वाट आणि पायांचे फोड

ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ आली की वारकऱ्याच्या घरी पडशी भरू लागते. टाळ, बुक्का, हरिपाठाची पोथी, पांघरूण, सर्व काही आठवणीने घेतले जाते. पायांची आठवण मात्र कोणास होत नाही. ती होते दिवेघाटात!

माझी पहिली वारी बाविसाव्या वर्षी घडली. पुण्याच्या मुक्कामात कोऱ्या करकरीत चपला घेतल्या आणि त्याच घालून पहाटे सासवडच्या वाटेस लागलो. ही मजल सुमारे ३० किलोमीटरची, आणि शेवटी घाट. हडपसरपाशीच अंगठ्याच्या मुळाशी, पट्ट्याखाली, चटका बसू लागला. दिंडीची रांग कशी सोडावी, लोक काय म्हणतील, म्हणून तसाच चालत राहिलो. सासवडला चपला काढल्या तो पट्ट्याखालची कातडीही सोलून आली. तेथे दोन मुक्काम असतात म्हणून निभावले.

त्या दिवशी निम्मा दोष चपलांचा, निम्मा माझ्या संकोचाचा. फोड कसा येतो ते पाहा. पाऊल टाकताना आतले हाड पुढे सरकते, पण वरची कातडी चपलेशी अडकून मागे राहते. असे हजारो वेळा झाले म्हणजे कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात व त्या पोकळीत पाणी भरते. ओली कातडी मऊ पडते, अधिक अडकते. म्हणून पावसात फोड फार. परंतु थर सुटण्यापूर्वी ती जागा गरम लागते, चुणचुणते. पाय बोलतो म्हणा ना! तेव्हाच थांबले तर बहुधा फोड टळतो. पुढच्या विसाव्याला पाहू म्हटले की संपले. शेजारच्यास "माउली, आलोच" म्हणून सांगावे, बाजूस बसावे, खडा झाडावा, पाय पुसून कोरडा करावा आणि त्या जागी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती पडू न देता लावावी. ज्याला दरवर्षी एकाच जागी फोड येतो त्याने ती पहाटेच लावून निघावे. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या धावकांवर हीच साधी पट्टी लावून पाहिली, तेव्हा फोड कमी आले. पट्टी काही रुपयांची आहे.

चपला किंवा बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत. मोजा सुती असेल तर तो पाणी धरून ठेवतो. पातळ लोकरीचा वा नायलॉनचा बरा, आणि दुसरा कोरडा जोड पडशीत हवाच. नखे सरळ कापावीत. तेल किंवा व्हॅसलीन लावणारे पुष्कळ आहेत. त्याने आरंभी घर्षण कमी होते, परंतु तासा-दोन तासांत ते जिरते व मग उलट होते. लावायचे तर पुनःपुन्हा लावावे. रात्री तळव्यांस तेल चोळणे निराळे. वाग्भटाने अभ्यंग सांगताना डोके, कान आणि पाय यांची विशेष आठवण केली आहे, ती उगीच नव्हे. सकाळी मात्र तेल पुसून टाकावे.

अनवाणी वारीचा ज्यांचा जुना नेम आहे त्यांना माझे दंडवत. पण वर्षभर पायात वहाण असणाऱ्याने ज्येष्ठात एकाएकी तापल्या डांबरावर उतरावे, यात भक्तीपेक्षा ईर्षाच मला दिसते. पादत्राण हे पायांचे क्लेश हरणारे, बळ देणारे आणि चालणे सुखाचे करणारे असे चरकाचे वचन आहे.

आता फोड आलाच तर? लहान असेल तर फोडू नये. मध्ये भोक पाडलेली जाड कापडाची घडी भोवती ठेवावी, म्हणजे भार फोडावर येत नाही. मोठा व ठणकणारा असेल तर हात-पाय साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला टोचावा, पाणी काढावे. वरची कातडी ओढून काढू नये, तेच नैसर्गिक आच्छादन. कित्येक जण फोडातून दोरा ओवून तसाच ठेवतात. त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते. पू, ताप, किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली की वाटेवरचे आरोग्य पथक गाठावे.

मधुमेही माउलींनी सुई घेऊच नये. आमच्या दिंडीत एक वृद्ध गृहस्थ होते. नीरास्नान झाल्यावर ओल्या पायांवरच त्यांनी बूट चढवले, आत खडा राहिला. साखरेने तळवा बधिर झालेला. लोणंदपर्यंत चालले, हसत. बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. पुढे ते बोट कापावे लागले.

तेव्हापासून आमच्याकडे हरिपाठ झाला की बॅटरी फिरते. प्रत्येकाने आपले तळवे पाहायचे. ज्याची नजर अधू किंवा कंबर वाकत नाही, त्याचे शेजारच्याने. पाय दुसऱ्याच्या हाती देताना प्रथम सारे लाजले. आता म्हातारेच हाक मारतात, "अहो, इकडची बॅटरी कुठे गेली?"