वन्य प्राण्यांच्या आतड्यातील विषाणूंचा शोध : वराहपालकांसाठी बोध

वराहपालनात पिल्लांची हगवण ही नेहमीची तक्रार आहे. हगवण लागली की मिळेल ते औषध पाजण्याकडे बहुतेकांचा कल असतो. परंतु हगवण जिवाणू, विषाणू, कृमी किंवा खाद्यातील दोष यांपैकी कशामुळे झाली, हे केवळ पाहून ओळखता येत नाही. चीनमध्ये २०१६-१७ साली आलेली साथ या दृष्टीने उद्बोधक आहे.

साथीचा प्रारंभ

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीस एका वराह फार्मवर पिल्लांना पाण्यासारखी हगवण व वांत्या सुरू झाल्या. पाच दिवसांपर्यंतच्या पिल्लांत मरतुकीचे प्रमाण ९० टक्के होते, तर आठ दिवसांवरील पिल्लांत ते ५ टक्क्यांवर आले. रोग आणखी तीन फार्मवर पसरला. मे २०१७ पर्यंत २४,६९३ पिल्ले दगावली.

सुरुवातीस नमुन्यांत 'साथीची वराह हगवण' (पीईडी) या परिचित रोगाचा विषाणू आढळला. त्यामुळे निदान झाले असे वाटले. परंतु जानेवारी २०१७ च्या मध्यापासून हा विषाणू सापडेनासा झाला, तरीही मरतूक थांबली नाही. खरे कारण वेगळेच होते.

विषाणू कसा ओळखला?

दगावलेल्या पिल्लांच्या आतड्यातून आरएनए हे जनुकीय द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याचे डीएनएमध्ये रूपांतर करून लहान लहान तुकडे यंत्राने वाचले जातात व संगणकावर जुळवले जातात. फाटलेल्या सातबारा उताऱ्याचे तुकडे जुळवून तो वाचावा, तसाच हा प्रकार आहे. यातून सुमारे २७ हजार अक्षरांचा जनुकीय क्रम मिळाला. वटवाघळांत २००७ साली नोंदलेल्या एचकेयू-२ या कोरोना विषाणूशी तो ९५ टक्के जुळला. निरोगी पिल्लांना हा विषाणू दिल्यावर त्यांनाही हगवण लागली. त्यामुळे कारण निश्चित झाले. विषाणूस 'साड्स कोरोना विषाणू' असे नाव मिळाले.

वटवाघळांची तपासणी

त्याच प्रांतात २०१३ ते २०१६ या काळात वटवाघळांच्या गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने घेतलेले ५९१ नमुने साठवून ठेवलेले होते. असे नमुने घेण्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. पीसीआर चाचणीत विषाणूच्या ठरावीक जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती तयार होतात. त्यामुळे अत्यल्प विषाणूही सापडतो. या चाचणीत ५८ नमुन्यांत साड्सच्या जवळचे विषाणू आढळले. ते बहुतांशी घोड्याच्या नालासारखे नाक असलेल्या वटवाघळांतील होते. फार्मजवळच्या एका गुहेतील विषाणू तर सुमारे ९८ टक्के जुळला. रोगी डुकरांच्या निकट संपर्कातील ३५ कामगारांच्या रक्ताचीही तपासणी झाली. त्यांत संसर्गाची खूण आढळली नाही.

वराहपालकांनी घ्यावयाची काळजी

१) एकाच वेळी अनेक पिल्लांना हगवण लागल्यास त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मागच्या वेळचा रोग तोच या वेळचा, असे गृहीत धरू नये.

२) औषधोपचारापूर्वी ताज्या विष्ठेचा नमुना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा व बर्फात ठेवून पाठवावा. उष्णतेने विषाणूचा आरएनए लवकर नष्ट होतो.

३) प्रतिजैविके विषाणूंवर परिणाम करत नाहीत. पिल्लांच्या शरीरातील पाणी कमी होऊ नये म्हणून क्षार-साखरेचे पाणी पाजावे व त्यांना ऊब द्यावी.

४) रोगी पिल्ले वेगळी ठेवावीत. मेलेली पिल्ले चुना टाकून खोल पुरावीत.

५) गोठ्यास जाळी लावावी. खाद्य व पाणी झाकून ठेवावे, म्हणजे वन्य प्राण्यांची विष्ठा त्यात पडणार नाही.

६) वटवाघळे मारू नयेत किंवा त्यांच्या गुहांत धूर करू नये. नालनाकी वटवाघळे रात्री किडे खातात. त्यांना हुसकावल्यास ती इतरत्र विखुरतात.

थोडक्यात, रानातील विषाणू शोधण्याचे काम शास्त्रज्ञांचे असले, तरी या शोधाची सुरुवात फार्मवरील नमुन्यापासूनच होते. तो वेळेवर व योग्य रीतीने पाठविल्यास पुढची पिल्ले वाचू शकतात.