पडणें, घसरणें, कोसळणें

मूल पडतें, पाय घसरतो आणि भिंत कोसळते. या तीन गोष्टींस आपण एकच शब्द लावीत नाहीं. लॅटिन भाषेंतहि असाच भेद आहे. साधें पडणें तें ‘कादेरे’, घसरणें तें ‘लाबी’ आणि वेगानें कोसळणें तें ‘रुएरे’. या शब्दांत आपणांकरितां एक गंभीर धडा आहे.

नीतिसूत्रें २४:१६ काढा. तेथें नीतिमान व दुष्ट या दोघांचेंहि पतन सांगितलें आहे. परंतु जेरोम (मृत्यु इ. स. ४२०) याच्या लॅटिन भाषांतरांत दोघांस एक शब्द नाहीं. सात वेळां पडून उठणाऱ्या नीतिमानाविषयीं ‘कादेरे’, आणि दुष्टांविषयीं ‘कोर्रुएरे’, म्हणजे समूळ कोसळणें, हा शब्द योजिला आहे. तेव्हां पडलेला मनुष्य पुढें उठतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून निकाल देऊं नये.

आतां ‘लाबी’ पाहूं. इ. स. २५० च्या सुमारास देकियस बादशहानें लोकांनीं रोमी दैवतांस यज्ञबलि अर्पावा असा हुकूम केला. भीतीनें पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं तो अर्पिला. कित्येकांनीं पैसे देऊन तसे खोटे दाखले मिळविले. छळ शमल्यावर ते मंडळींत परत येऊं इच्छीत होते. रोमचा नोवातियन म्हणे, यांस पुनः सहभागितेंत घेऊं नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें २५१ सालीं त्यांच्याविषयीं ग्रंथ लिहिला. त्यानें पाप हलकें लेखिलें नाहीं, घाईची क्षमाहि मान्य केली नाहीं. परंतु खऱ्या पश्चात्तापास दार उघडें ठेविलें. या लोकांस नांव पडलें ‘लाप्सी’, म्हणजे घसरलेले.

आणखी एक शब्द आहे. गेथशेमाने येथें प्रभु भूमीवर पडला (मार्क १४:३५). तेथें ‘प्रोकिदेरे’, म्हणजे पुढें पालथें पडणें, असें आहे. तें पतन नव्हे, तर प्रार्थना होती. घसरलेल्यास उठण्याची वाट अशाच पडण्यांतून आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळींत शिस्तीखालीं असलेला कोणी शेवटीं मान खालीं घालून बसत असेल. त्यास आपण मनांत कोणता शब्द लावितों? कोसळलेल्या भिंतीस कोणी हात देत नाहीं. घसरलेल्या भावास देतात. गलती ६:१ वाचा, आणि याच आठवड्यांत त्याच्या घरीं जा.