भय असतां धैर्यानें प्रार्थना करणें
(पाठ: मार्क १४:३२–३६, इब्री ४:१४–१६)

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या रानांच्या जिल्ह्यांत भयाला कारण नाहीं असें कोणीं म्हणूं नये. मोहाचीं फुलें वेंचणारी बाई पहाटे ज्या वाटेनें जाते, ती वाघाचीही वाट आहे. मे २०२५ मध्यें सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. पावसाळ्यांत हिवतापाचें भय असतें तें निराळेंच. म्हणून भ्यालेल्या मनुष्यास 'तुझा विश्वास उणा आहे' असा दोष उपदेशकानें देऊं नये.

आपला प्रभुही गेथशेमाने बागेंत व्याकूळ झाला. परंतु भयामुळें तो पित्यापासून दूर गेला नाहीं, त्याच्याचकडे वळला. दुःखाचा प्याला टळावा असें त्यानें उघडपणें मागितलें, आणि शेवट पित्याच्या इच्छेवर सोपविला. तो प्याला टळला नाहीं. तरी त्याची प्रार्थना व्यर्थ गेली नाहीं. त्यानें हें सोसिलें म्हणूनच आपणांस कृपेच्या सिंहासनाजवळ धैर्यानें जातां येतें, असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत शिकविलें आहे. मागितलेलें मिळेलच, हें त्या धैर्याचें मूळ नव्हे; पिता आपणांस हाकलून देणार नाहीं, हें त्याचें मूळ होय.

हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांची प्रार्थना अडते. लेंकरूं तापानें फणफणतें, सोयरे म्हणतात, 'जुने देव सोडले म्हणून हें झालें.' मग आईला मोठ्यानें प्रार्थना करण्याचीही भीति वाटते. गुण न आला तर गांव हंसेल! तिला आम्ही सांगतों, बाई, देवाची अब्रू राखण्याचें ओझें तुझ्यावर नाहीं. तूं मूल त्याच्या हातीं दे, आणि त्याच रात्रीं दवाखान्यांत नेऊन त्याचें रक्त तपासून घे. औषध हेंही देवाचेंच दान आहे. तसेंच रानांत एकट्यानें जाऊन देवाची परीक्षा पाहूं नये (मत्तय ४:७), सोबतीनें जावें.

पंडिता रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळांत आईबाप गमावले होते. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. त्या प्रांतांत तेव्हां आपला चांदा जिल्हाही होता. भुकेचें भय त्यांना ठाऊक होतें, हातीं पुरेसा पैसा नव्हता. तरी देवाजवळ मागून त्या निघाल्या व पुष्कळ निराधार मुलींना घेऊन आल्या. भय गेल्यावर निघूं, अशी वाट त्यांनीं पाहिली नाहीं.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न:
१. प्रभूनें बागेंत काय मागितलें व कशावर शेवट केला?
२. आपल्या मंडळींत आज कोणतें घर भयांत आहे, व त्यांच्याबरोबर प्रार्थना करावयास कोण जाईल?