जुनी सिंगलस्पीड फ्रेम आणि तिचा फोर्क



पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील आणि गिअर बदलणारी कोणतीही यंत्रणा नाही, अशी रुंद टायरची माउंटन बाइक जुन्या फ्रेमपासून बांधण्याचा भाच्याचा बेत मिनिॲपोलिससारख्या शहरात मुळीच वावगा नाही. कारण तेथील हिवाळ्यात डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा नाजूक हात, बर्फ आणि मिठाचा चिखल बसून गोठतो, तर सिंगलस्पीड सायकलीत गोठण्यासारखे फारसे काही उरतच नाही. मात्र अशी फ्रेम घेताना बहुतेक खरेदीदार रंग, वजन आणि नाव पाहतात, आणि ज्या दोन गोष्टी पुढे कितीही खर्च केला तरी सहसा बदलता येत नाहीत त्या पाहायच्या राहून जातात. मागच्या बाजूला चेन कशी ताणली जाते ही त्यांतील पहिली, आणि पुढे किती उंचीचा फोर्क गृहीत धरून फ्रेमचे कोन आखले गेले ही दुसरी. फ्रेम निकोप असेल तर उरलेले सारे भाग सुटे आहेत आणि ते सवडीने बदलता येतात.

गिअरच्या सायकलीत डिरेलरची स्प्रिंग चेनचा ढिलेपणा आपोआप शोषून घेते. सिंगलस्पीडमध्ये ते काम फ्रेमलाच करावे लागते. गावाकडच्या काळ्या सायकलीची चेन सैल झाली की दोन नट ढिले करून मागचे चाक आडव्या खाचेत मागे ओढले जाते, आणि सिंगलस्पीड माउंटन बाइकच्या पुष्कळ फ्रेममध्ये तीच युक्ती जराशा जाड पोलादात उतरलेली असते. या खाचेची गरज किती, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. मागच्या फ्रीव्हीलचा एक दात कमी-जास्त केला तर चाकाचा आस सुमारे ३ मिलिमीटर पुढे-मागे करावा लागतो. साधारण सव्वा मीटर लांबीची चेन वापराने अर्धा टक्का वाढली, तर ती सुमारे ६ मिलिमीटरने लांबते आणि आस पुन्हा ३ मिलिमीटर मागे न्यावा लागतो. ज्या फ्रेममध्ये आसाची खाच उभी असते, म्हणजे चाक फक्त वर-खाली घालता-काढता येते, तिच्यावर दातांची एखादी जोडी नव्या चेनसह योगायोगाने अचूक बसू शकते, आणि विकणारे अशा फ्रेमलाही खुशाल सिंगलस्पीड म्हणतात. पण तो योगायोग चेनच्या पहिल्या झिजेबरोबर संपतो, आणि मग टेन्शनर, म्हणजे चेनला दाबून धरणारा स्प्रिंगचा हात, लावावा लागून टाळलेली कटकट मागच्या दाराने परत येते.

चेन ताणण्याच्या तीन पद्धती जुन्या बाजारात नेहमी दिसतात. मागे उघडणारी आडवी खाच सर्वांत साधी आणि सर्वांत टिकाऊ. तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते, परंतु डिस्क ब्रेक असेल तर चाक मागे सरकले की चकती ब्रेकच्या पॅडपासून हलते, म्हणून ब्रेकचा कॅलिपर बसविण्याची भोके लांबट आहेत की नाहीत हे पाहावे लागते. सरकत्या ड्रॉपआउटमध्ये ड्रॉपआउट, म्हणजे आस धरणारा तुकडाच, बोल्टांवर सरकतो आणि कॅलिपर त्याच तुकड्यावर असल्यामुळे सोबत जातो. ही व्यवस्था सोयीची असली तरी तिचे बोल्ट ढिले होतात, करकरतात, आणि त्यांचे आटे खराब झालेले असतील तर ते भाव ठरविण्याआधीच कळणे बरे. तिसरी पद्धत एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलांचा आस ज्यात फिरतो त्या भागाची. यात पेडलांचा आस एका जाड नळकांड्यात केंद्रापासून बाजूला बसविलेला असतो आणि नळकांडे फिरविले की तो पुढे-मागे होतो. चाक जागचे हलत नाही, ब्रेकही हलत नाही, त्यामुळे कागदावर ही पद्धत उत्तम ठरते. प्रत्यक्षात मात्र जुन्या फ्रेममध्ये हे नळकांडे गंजून जाम झालेले असते, किंवा आवाज बंद करण्यासाठी आधीच्या मालकाने स्क्रू इतके आवळलेले असतात की नळकांड्यावर खळगे पडून ते प्रत्येक वेळी त्याच खळग्यात घसरते. म्हणून विकणाऱ्याकडून ते समोर फिरवून घेतल्याशिवाय अशा फ्रेमची किंमतही विचारू नये. तिन्हींतून निवड करायची झाल्यास जुन्या खरेदीत आडवी खाचच पत्करावी, कारण तिचे वय वाढले तरी दोष वाढत नाहीत.

या निवडीला मिनिॲपोलिसचे राज्य मिनेसोटा सोयीचे आहे. सर्ली ही कंपनी मिनिॲपोलिसजवळच्याच ब्लूमिंग्टनची, आणि तिची २६ इंची चाकांची वन बाय वन व २९ इंची चाकांची कराटे मंकी या दोन्ही जुन्या फ्रेम आडव्या खाचेच्या आणि क्रोमोली पोलादाच्या, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या आहेत. दोन चाकांच्या मापांत पेडल मारण्याचा जोर सारखा ठेवायचा असेल तर दातांचे प्रमाण बदलावे लागते: २६ इंची चाकावर ३२ आणि १६ दात, तर २९ इंचीवर ३२ आणि १८ दात घेतले की पेडलाच्या एका फेरीत सायकल दोन्हीकडे सुमारे ४.१ मीटर पुढे जाते. मिनिॲपोलिसजवळच्या लेबनॉन हिल्ससारख्या चढउतारांच्या वाटांवर नवख्याने मागे आणखी एक-दोन दात जास्त घेतले तर त्यात कमीपणा मानू नये.

पोलाद म्हटले की गंज आला, आणि मिनेसोटात तो बाहेरून कमी व आतून जास्त येतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचे पाणी सीटच्या नळीच्या चिरेतून आणि वेल्डिंगच्या वेळी हवा जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक भोकांतून आत शिरते आणि फ्रेमच्या सर्वांत खालच्या जागी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या कवचात, साचून राहते. रंग चकचकीत असूनही आतून नळीचा पत्रा पातळ झालेला असू शकतो. सीटपोस्ट बाहेर काढून टॉर्चने आत पाहणे हा यावरचा साधा उपाय, आणि त्याच वेळी एक दुसरीही परीक्षा होते: ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी नळीत ग्रीसशिवाय वर्षानुवर्षे राहिला, तर दोन धातूंमधील खाऱ्या ओलाव्यामुळे तो गंजून नळीला घट्ट चिकटतो. ‘जरा कडक आहे, पण निघेल’ असे विकणारा म्हणाला, तर त्याने तो तेथेच काढून दाखवावा. निघाला नाही तर ती फ्रेम दुसऱ्या कोणाच्या नशिबी सोडून द्यावी. आतला तपकिरी थर फडक्याने पुसला जात असेल तर काळजीचे कारण नाही, परंतु पापुद्रे सुटत असतील, किंवा बोथट टोच्याने दाबल्यावर पत्रा दबत असेल, तर स्वस्त किंमतही जास्तच ठरते.

भेगा कोठे शोधाव्यात हे सिंगलस्पीडच्या वापरावरून ठरते. गिअर नसल्यामुळे चढावर स्वार उभा राहून, हँडल दोन्ही हातांनी ओढत, अगदी मंद फेऱ्यांत पेडल दाबतो आणि त्यामुळे बॉटम ब्रॅकेटजवळच्या जोडांवर आणि उजव्या चेनस्टेवर, म्हणजे पेडलापासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, गिअरच्या सायकलीपेक्षा अधिक पीळ पडतो. या जागा ओल्या फडक्याने स्वच्छ करून, तिरक्या उजेडात, वेल्डच्या कडेने बोट फिरवीत पाहाव्यात. पोलादावर रंगाखालून उमटलेली गंजाची बारीक सरळ रेघ ही बहुधा भेगच असते. सीटची पकड जेथे आवळते तेथील चिरेचा तळ आणि ड्रॉपआउटचे वेल्ड या उरलेल्या दोन संशयाच्या जागा. हेड ट्यूबच्या, म्हणजे फोर्कची नळी ज्यात फिरते त्या पुढच्या आखूड नळीच्या मागे खालच्या बाजूला रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतील, तर फ्रेम समोरून कशावर तरी आदळलेली आहे आणि त्यापुढे चौकशीची गरज नाही. सरळपणा तपासण्यासाठी एक दोरा पुरतो: तो मागच्या एका ड्रॉपआउटला बांधून, हेड ट्यूबला पुढून वळसा घालून, दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावा आणि दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपर्यंतचे अंतर मोजावे. फरक दोन-तीन मिलिमीटरहून अधिक निघाला तर पोलादी फ्रेम जाणता कारागीर सरळ करू शकतो, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची मात्र ती वाकवावाकवी करू नये.

फ्रेमचा क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो. तो बाइक इंडेक्स या नोंदवहीत चोरीची सायकल म्हणून आलेला नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे, आणि क्रमांक घासलेला असेल तर परत फिरावे.

फोर्क, म्हणजे सायकलच्या दुकानात ज्याला चिमटा म्हणतात तो भाग, निवडताना बहुतेकांची नजर ट्रॅव्हलवर, म्हणजे फोर्क किती दबतो या आकड्यावर जाते. पाहायचा असतो तो आसापासून क्राउनपर्यंतचा, म्हणजे चाकाच्या आसापासून फ्रेमच्या खालच्या कडेला टेकणाऱ्या भागापर्यंतचा उंचीचा आकडा. वन बाय वनच्या ताठ, म्हणजे न दबणाऱ्या, फोर्कची ही उंची ४१३ मिलिमीटर, तर कराटे मंकीच्या जुन्या ताठ फोर्कची ४६८ मिलिमीटर. १०० मिलिमीटर दबणारा २९ इंची सस्पेन्शन फोर्क साधारण ५०० ते ५१० मिलिमीटर भरतो, मात्र स्वाराच्या वजनाने तो आधीच पाचवा-चौथा हिस्सा बसत असल्यामुळे वापरातील उंची त्याहून २०-२५ मिलिमीटरने कमी धरावी. फोर्क फ्रेमच्या अपेक्षेपेक्षा २० मिलिमीटर उंच घेतला की पुढची नळी सुमारे एक अंश मागे झुकते, सीटची नळीही तितकीच झुकते आणि पेडलांचा मध्य सात-आठ मिलिमीटर वर जातो. उतारावर हा बदल सुखाचा वाटतो; पण सिंगलस्पीडचा स्वार चढ उभ्याने चढतो, आणि त्या वेळी मागे झुकलेल्या सायकलीचे पुढचे चाक भरकटू लागते. शिवाय लांब फोर्क हेड ट्यूबच्या जोडावर पहारीसारखा जोर टाकतो, आणि जुन्या फ्रेमवर हा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही. म्हणून फ्रेम ज्या वर्षीची असेल त्या वर्षीचा मूळ फोर्क किती उंच होता हे शोधून काढावे आणि नवा फोर्क, सस्पेन्शन असल्यास बसलेल्या अवस्थेत मोजून, त्याच्या दहा-पंधरा मिलिमीटरच्या आतच ठेवावा.

ताठ की सस्पेन्शन, या प्रश्नाचे उत्तर वाटेवर आणि ऋतूवर अवलंबून आहे, तरी पहिला फोर्क ताठ पोलादी असावा हे मत येथे नोंदविणे अवश्य आहे. उभ्याने पेडल मारताना सस्पेन्शन फोर्क प्रत्येक दाबाबरोबर खाली-वर होतो आणि पायांतला जोर काही अंशी त्यात विरतो. कडाक्याच्या थंडीत त्यातील तेल घट्ट होऊन तो नीट दबतही नाही. आणि त्याच्या सीलांची व तेलाची देखभाल वापराच्या तासांवर मोजून करावी लागते. मिनिॲपोलिसमधील थिओडोर वर्थ पार्कच्या वाटांवर २.४ इंची टायर कमी हवेने चालविला तर मुळांचे हादरे बरेचसे टायरच पचवितो. मिनेसोटातल्याच डुलुथच्या खडकांवर वारंवार जाणे झाले तरच सस्पेन्शनचा खर्च सार्थकी लागतो, आणि तेव्हा ज्या नळ्या आत-बाहेर सरकतात त्यांवर नखाला लागणारा ओरखडा किंवा घासून पुसट झालेला पट्टा असलेला जुना फोर्क घेऊ नये; पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलविल्यावर फोर्क खडखडत असेल तर आतील बुश झिजलेले असतात. कार्बनचा ताठ फोर्क नवा घ्यावा किंवा घेऊच नये, कारण त्याच्या नळीतील इजा बाहेरून दिसेलच असे नाही.

मापे जुळविण्याचा भाग रूक्ष असला तरी पैसे वाया जातात ते येथेच. जुन्या फ्रेमची हेड ट्यूब बहुधा सरळ फोर्कनळीसाठी, म्हणजे वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी असते. आजचे बहुतेक सस्पेन्शन फोर्क खाली दीड इंचापर्यंत रुंद होणाऱ्या नळीचे असतात आणि ते अशा फ्रेममध्ये कोणत्याही कपाने बसत नाहीत. हेड ट्यूब आतून ४४ मिलिमीटरची असेल तर मात्र खाली बाहेरचा कप लावून दोन्ही प्रकार चालतात, म्हणून मोजमापाच्या कॅलिपरने तिचे माप घेतल्याशिवाय फोर्क मागवू नये. आसाचा प्रकारही तपासावा: जुने फोर्क ९ मिलिमीटरच्या उघड्या खाचेचे, नवे १५ मिलिमीटरच्या आरपार आसाचे, आणि चाकाचे हब त्यानुसारच लागते. उघड्या खाचेच्या फोर्कवर डिस्क ब्रेक असल्यास ब्रेक मारताना कॅलिपरचा जोर आसाला खाचेबाहेर ढकलू पाहतो, त्यामुळे खाचेच्या टोकाचे अडथळे घासून काढलेला फोर्क टाळावा आणि क्विक-रिलीजची, म्हणजे आस आवळणाऱ्या खिट्टीची, पकड प्रत्येक फेरीपूर्वी पाहावी. ऑफसेट, म्हणजे फोर्कनळीच्या मध्यरेषेपासून आस किती पुढे आहे ते माप, वाढला की हँडल हलके व चपळ होते. २९ इंची फोर्कांत तो साधारण ४३ ते ५१ मिलिमीटर आढळतो, आणि मूळच्या आकड्यापासून फार दूर जाण्याचे कारण नसते.

शेवटी फोर्कनळीची लांबी. हेड ट्यूब ११० मिलिमीटर, हेडसेटचे वरखालचे बेअरिंग मिळून २५, हँडल धरणारा स्टेम ४० आणि एक स्पेसर १० धरला, तर १८५ मिलिमीटरच्या आसपास नळी लागते. जुना फोर्क आधीच्या मालकाच्या फ्रेमनुसार कापलेला असतो, जास्त लांब निघाला तर पुन्हा कापता येतो, आखूड निघाला तर जोडता येत नाही. म्हणून फोर्क पाहायला जाण्यापूर्वी हा आकडा स्वतःच्या फ्रेमवरून काढून ठेवावा आणि विकणाऱ्याकडून नळीचे माप फोनवरच विचारून घ्यावे.