यंत्र बिघडले, धंदा थांबला : कायदा कारागिराला केव्हा साथ देतो?

पूर्वी शिलाई मशीन बिघडले की तेल, सुई आणि पट्टा एवढ्यावर काम भागत असे. गावातला मिस्त्री संध्याकाळपर्यंत ते चालू करून देई. आज भोकरदन तालुक्यातील आमच्या हसनाबादसारख्या बाजारगावातही व्यापारी व कारागीर मोबाइल, बिल छापणारे यंत्र, इलेक्ट्रॉनिक काटा आणि पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा डबा यांच्यावर अवलंबून झाले आहेत. भरतकामही संगणकाच्या मशीनवर होऊ लागले आहे. यातले काही बंद पडले की गावात दुरुस्ती होईलच असे नाही. जालना नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर एक सुटा भाग मिळाला नाही, तर कारागीर हात बांधून बसतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

अशा वेळी तक्रार केली की विक्रेत्याकडून एक ठरावीक उत्तर मिळते, “हे यंत्र तुम्ही धंद्यासाठी घेतले आहे. तुम्ही ग्राहक होत नाही.” आपले अनेक बंधू हे ऐकून परत फिरतात. हे उत्तर कितपत खरे आहे, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही, असे या कायद्याच्या कलम २(७) मध्ये म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच कलमात पुढे खुलासा आहे. जो माणूस केवळ आपल्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, वस्तू घेऊन स्वतः वापरतो, त्याचा वापर व्यापारी कारणात मोडत नाही. विक्रेता पहिले वाक्य सांगतो आणि दुसरे गाळतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात ही रेषा स्पष्ट केली. त्या कारखान्याने कोईम्बतूरच्या एका संस्थेकडून मोठे यंत्र घेतले होते. यंत्राचे स्वरूप पाहता ते स्वतःच्या हाताने चालवून पोट भरण्यासाठी घेतलेले नाही, असे ठरले आणि कारखाना ग्राहक मानला गेला नाही. पण त्याच निकालात उदाहरणे दिली आहेत. स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ मशीनवर काम करणारा माणूस ग्राहकच आहे. मदतीला एकदोन माणसे घेतली तरी त्याचा हक्क जात नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर स्वतः मशीनवर बसणारा शिंपी, रफूगार किंवा भरतकाम करणारा कारागीर दाद मागू शकतो. दहा मशीन टाकून पगारी माणसे बसवणाऱ्याला ही वाट बहुधा बंद असते. आमच्यासारख्या दुकानदारांच्या बाबतीत निर्णय प्रकरण पाहून होतो. म्हणून मोठी खरेदी करताना वॉरंटीच्या अटी लेखी घेणे हाच आमचा मुख्य आधार आहे.

हक्क असला तरी तो कागदावरच उभा राहतो. पुढील गोष्टी सवयीच्या करून घ्याव्यात.

१. पक्के बिल घ्यावे. त्यावर यंत्राचा क्रमांक असावा. मोबाइल असेल तर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढावी.

२. दुरुस्तीला देताना पावती घ्यावी. तारीख, बिघाड काय, अंदाजे खर्च किती आणि परत कधी मिळणार, हे त्यावर लिहिलेले असावे.

३. “पार्ट येत नाही” हे तोंडी उत्तर स्वीकारू नये. आमच्या दुकानातील बिलाच्या यंत्राबाबत हेच सांगण्यात आले. “एवढे लेखी द्या,” असे आम्ही म्हटले, आणि आठवड्याभरात पार्ट मिळाला.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे काम न झाल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे माल मुंबईहून मागवला असला तरी हसनाबादचा माणूस जालन्यात दाद मागू शकतो.

दुसरा त्रास सॉफ्टवेअरचा. यंत्र धडधाकट असते, पण आतली प्रणाली जुनी ठरते. विंडोज १० या संगणक प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक लगेच बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबतात. म्हणून हिशेबाचा संगणक नव्या प्रणालीवर न्यावा. केवळ भरतकामाचे मशीन चालवणारा जुना संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा. कोणताही अपडेट करण्यापूर्वी खातेवहीची व डिझाइनची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी, आणि हंगामाच्या गर्दीत अपडेट टाळावा. अपडेटमुळे फोन मंदावतात ही तक्रारही निव्वळ वहिम नाही. याच कारणावरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ साली ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला होता.

आपल्या देशातही हालचाल झाली आहे. कंपन्या सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. खरेदीपूर्वी तेथे वॉरंटी व सेवा केंद्राची माहिती पाहावी. दोन कंपन्यांचा भाव सारखा असेल, तर जिचा पार्ट जालन्यात मिळतो तीच घ्यावी.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. आपण घेणारे आहोत तसे देणारेही आहोत. बिल न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” हे वाक्य छापून सदोष कापडाची जबाबदारी टळत नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांनीही लक्षात ठेवावे की दुकानात आलेला फोन आणि त्यातील फोटो, हिशेब ही अमानत आहे. जो लेखी पावती आपण कंपनीकडे मागतो, ती गिऱ्हाइकाने मागण्याआधी त्याच्या हातात द्यावी.